आईचं वेरूळ

आज आईला वेरूळ दाखवलं. लग्न होऊन लातूरला आल्यापासून तिच्या तोंडी एकच, "एकदा कैलास लेणं बघायचंय." १६ नंबरच्या लेण्यात शिरलो अन् ती बोलायचीच थांबली. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं अख्खं मंदिर! उंबऱ्याला हात लावून तिनं कपाळाला लावला. "गार हाय रे दगुड," एवढंच म्हणाली. माझे डोळे भरून आले.

जाणार असाल तर बाजूच्या टेकडीवर चढून वरून नक्की बघा, डोंगर किती खोल खणलाय ते तिथूनच कळतं. मंगळवारी लेणी बंद असतात. घृष्णेश्वर जवळच आहे.

परतताना भाकरी-ठेच्याची शिदोरी उघडली, तर आई विचारते, "अजिंठा कवा?"