उद्या पूर्वेचा वारा

बाई श्रुतलेखन घालत होत्या. "रात्रभर पाऊस पडल्यामुळे नदीला..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

का थांबल्या ते मला कळेना. मी चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत कोंबून बसले होते. पोरांच्या पेन्सिली कागदापासून बोटभर वर, तशाच. खिडकीजवळची एक मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "आलं." त्यानंतर कुठे मला ऐकू आलं. आधी लांबची घरघर, मग छताला घासून गेल्यासारखा दणका, आणि मागे बराच वेळ रेंगाळणारी शिट्टी. ती पुरती विरायच्या आधीच बाई म्हणाल्या, "...पूर आला." पेन्सिली खाली टेकल्या. वर कोणी बघितलंसुद्धा नाही.

त्या सकाळी अडीच तासांत असं ३६ वेळा झालं. दर वेळी साधारण वीस सेकंद. मी वहीत रेघा मारत होते, पाच झाल्या की आडवी.

विमानतळाच्या विस्तारासाठी पर्यावरण अहवाल करतात, त्या चमूत मी असते. माझ्याकडे आवाज. नवी धावपट्टी झाली तर कुठे किती आवाज पोचेल, त्याचे नकाशे मी काढते. डोंगराभोवती उंचीच्या रेषा असतात तशा धावपट्टीभोवती आवाजाच्या रेषा, शेंगेसारख्या लांबट. आमच्या अहवालात आतली रेषा ७० डेसिबलची, मग ६५, सगळ्यांत बाहेरची ६०. घर रेषेच्या आत आलं की ते 'बाधित'. त्याला दुहेरी काचा मिळू शकतात, भरपाईचा विषय निघू शकतो. रेषेबाहेरच्या घराचा अहवालात उल्लेखच नसतो.

ही शाळा रेषेबाहेर होती. थोडीथोडकी नाही, माझ्याच नकाशात तिथे ५३ लिहिलं होतं. पण शाळेतून तक्रारीचं पत्र आलं होतं आणि दुपारी सुनावणी होती. वरिष्ठ म्हणाले, "सकाळी जाऊन मीटर लावून ये. दखल घेतली असं तरी होईल." मीही त्याच बेताने गेले होते. गच्चीवर ट्रायपॉड रोवला, मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर चढवून ९४ डेसिबलचा सूर दिला, मीटरने ९४ दाखवलं, वर स्पंजची टोपी घातली. खाली आले तर बाई म्हणाल्या, "मॅडम, वरती एकट्या कशाला थांबता? वर्गात बसा ना."

वर्गात बसले नसते तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

शाळा धावपट्टीच्या टोकापासून पश्चिमेला ६ किलोमीटरवर आहे. विमान ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं, म्हणजे शाळेवर ते जमिनीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास असतं. चाकं बाहेर काढलेली स्पष्ट दिसतात. आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. पूर्वेकडून वारा असला की सगळी विमानं पश्चिमेकडून, म्हणजे शाळेवरूनच येतात. पश्चिमेचा वारा असला की उलटं. तेव्हा टेकऑफ या बाजूला होतात, पण उडाल्यावर विमानं लवकरच डावीकडे वळतात आणि शाळेला फारसं काही ऐकू येत नाही. वर्षाकाठी पूर्वेच्या वाऱ्याचे दिवस शंभरात तीस. मी गेले तो दिवस त्या तिसातला.

मधल्या सुट्टीत मी गच्चीवर बसून ५३ चा, म्हणजे वर्षभराच्या सरासरीचा, हिशेब उलटा केला. एका विमानाचा कमाल आवाज तिथे ७६ डेसिबल येत होता. त्या विमानाची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर ८५. पूर्वेच्या दिवशी अशी २०० विमानं उतरतात. ती सगळी ऊर्जा दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर सारखी पसरायची, की उरतात ५८.६ डेसिबल. (रात्री १० ते सकाळी ७ हा विमानतळ बंद असतो, त्यामुळे रात्रीच्या विमानांना १० डेसिबल जास्तीचे धरतात तेही इथे नाहीत.) मग शंभरातल्या सत्तर शांत दिवसांवर ती पुन्हा पसरायची. ५३.४. गणितात काहीच चूक नव्हती. भाकरी थापावी तसा आवाज वर्षभरावर थापला होता, इतका पातळ की नकाशावर दिसेना.

याहून वाईट पुढे होतं. विस्ताराच्या आराखड्यात जुनी धावपट्टी फक्त उतरण्यासाठी आणि नवी फक्त उडण्यासाठी होती. तशी वाटणी केली की दोन्हींकडून जास्त काम निघतं. म्हणजे शाळेवरून २०० च्या जागी ४०० विमानं. आणि डेसिबल हे लॉगरिदमचं माप असल्यामुळे विमानं दुप्पट झाली की सरासरी वाढते फक्त ३ ने. अहवालात या भागापुढे एक वाक्य होतं: 'अपेक्षित वाढ ३ डेसिबल, मानवी कानाला जेमतेम जाणवण्याइतकी.' एकाच आवाजाची पट्टी तीनने वाढवली तर ते खरंही आहे. पण इथे प्रत्येक विमानाचा आवाज तेवढाच राहून थांबणी ३६ ची ७२ होणार होती. ते वाक्य मी लिहिलेलं होतं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

हे काही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असं नाही. सिडनीत १९९४ साली तिसरी धावपट्टी सुरू झाली तेव्हा हाच घोळ झाला होता. सरासरीच्या रेषांबाहेर आपण सुरक्षित, असं समजून बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून विमानं जायला लागली, तक्रारींचा पूर आला, १९९५ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने चौकशी केली. त्यातून ऑस्ट्रेलियात 'एन-७०' सारखी मापं पुढे आली: दिवसात ७० डेसिबलच्या वर किती विमानं गेली, त्यांची नुसती मोजदाद. ७० अशासाठी, की खिडकी उघडी असेल तर घरात ते साधारण ६० होतं आणि बोलणं तुटायला लागतं. माझ्या वहीतल्या आडव्या रेघा म्हणजे एन-७० च. चौथीतल्या पोरालाही कळेल असं माप, पण आमच्या अहवालाच्या साच्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते कधी काढलं नव्हतं.

मुलांवर काय परिणाम होतो तेही वाचलेलं होतं. १९९२ मध्ये म्युनिकचा विमानतळ जुन्या जागेवरून नव्या जागेवर गेला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना आधी आणि नंतर तपासलं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्याजवळच्यांचं ढासळलं. पुढे लंडनच्या हीथ्रो, ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल आणि माद्रिदच्या विमानतळांभोवतीच्या शाळांचा अभ्यास २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातही आवाज वाढेल तसं वाचनाचं आकलन कमी. हे सगळं मी माझ्या अहवालांत संदर्भ म्हणून टाकत आले आहे. पेन्सिली हवेत थांबतात हे मात्र त्यात कुठे नव्हतं.

निघताना बाईंना विचारलं, "त्रास होत असेल ना?" त्या म्हणाल्या, "विमान आलं की थांबायचं, त्याची सवय झाली. पण कुठल्या दिवशी येणार ते आधी कळत नाही ना. कविता शिकवायला घ्यावी, आणि नेमका तो दिवस निघावा!"

दुपारी सभागृह भरलेलं. सुरुवातीला आमच्या अर्थकारण बघणाऱ्या सहकाऱ्याने प्रवासीसंख्येचे अंदाज दाखवले. दर दहा लाख प्रवाशांमागे विमानतळाच्या आवारात साधारण हजार नोकऱ्या, हा युरोपातल्या पाहण्यांमधून आलेला जुना ठोकताळा त्याने मांडला. लोक स्वतःच चेक-इन करायला लागल्यापासून तो पूर्वीसारखा चालत नाही, हे त्यालाही माहीत आहे, मलाही. बाकी त्याचे अंदाज तसे सावध होते. या धंद्यात अंदाज फसले की केवढ्याला पडतं ते मॉन्ट्रियलच्या मिराबेलने दाखवलंय. सुमारे ३९,००० हेक्टर जमीन घेऊन १९७५ साली तो विमानतळ सुरू केला. कागदावरचे प्रवासी आलेच नाहीत, २००४ मध्ये प्रवासी उड्डाणं थांबली, पुढे टर्मिनलही पाडलं. जमिनीचा मोठा भाग शेतकऱ्यांना परत केला गेला. मधल्या काळात ज्यांनी गाव सोडलं त्यांना तो काळ कसा परत मिळणार?

मग एक आजोबा उठले. त्यांची जमीन पहिल्या धावपट्टीत गेलेली. मला वाटलं, आता विरोध. पण ते म्हणाले, "माझी दोन्ही पोरं तिथे कार्गोला आहेत. धावपट्टी झालीच पाहिजे. जमीन गेली ती गेली, आता जे आहे ते तरी वाढू द्या." बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. मग शेजारी बसलेल्या बाईंकडे वळून, जरा आवाज चढवून: "आणि बाई, तुम्ही शाळेचं काढून आडव्या येऊ नका."

बाई उठल्या. "आजोबा, तुमचा नातू माझ्याच वर्गात आहे. मी आडवी येत नाहीये." मग व्यासपीठाकडे बघून म्हणाल्या, "मला फक्त वेळापत्रक हवंय. कधी विमानं येणार आणि कधी नाही, एवढं सांगा. मी तास तसे लावीन."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसून म्हणाले, "वारा काही आमच्या हातात नाही हो."

मी उठले. माझी पाळी नव्हती. आवाजाचा भाग वरिष्ठ मांडणार होते आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. मी म्हणाले, वारा हातात नाही, पण धावपट्टी आहे. आज एकच आहे म्हणून पर्याय नाही. दोन झाल्या की उतरण्याची आणि उडण्याची धावपट्टी अदलाबदल करता येते. हीथ्रोला पश्चिमेच्या वाऱ्यात दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात. एक आठवडा सकाळी ही, दुसरा आठवडा सकाळी ती. खालच्या लोकांना आधीच छापील वेळापत्रक मिळतं. इथे तसं केलं तर पूर्वेच्या दिवसांतही निम्म्या वेळा शाळेची सकाळ मोकळी राहील. म्हणजे नवी धावपट्टी झाल्यावर या वर्गाचे हाल दुप्पट होतील, किंवा एकूण आजच्याइतकेच राहून निम्म्या सकाळी मोकळ्या मिळतील, दोन्ही शक्य आहे. कुठलं होईल ते परवानगीच्या अटींमध्ये काय लिहिता त्यावर. आणि अहवालातलं ३ डेसिबलचं वाक्य माझं आहे, ते मी मागे घेते.

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. एकाने विचारलं, "अदलाबदल केली तर विमानं कमी बसतील का?" गर्दीच्या तासाला थोडी कमी बसतील, असं मी सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत.

परतताना गाडीत वरिष्ठ बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "आकडा चुकला होता का?"

"नाही."

"मग?"

मी वही पुढे केली. त्यांनी आडव्या रेघा मोजल्या, मनातल्या मनात, ओठ हलताना दिसत होते. वही परत देताना म्हणाले, "वाऱ्याच्या दिशेप्रमाणे वेगवेगळे तक्ते कर. सरासरीचा राहू दे, नियमात तोच लागतो. हे त्याच्या मागे लाव."

तक्ते लागले, शेवटच्या परिशिष्टात. माझं वाक्य गेलं. अदलाबदलीबद्दल मात्र अंतिम मसुद्यात 'व्यवहार्यतेनुसार विचारात घेता येईल' असं आलं. सरकारी भाषेत या चार शब्दांचं वजन किती ते सांगायला नको. त्यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे, आणि 'घेता येईल' च्या जागी 'घ्यावे' व्हावं म्हणून मी तिसरं टिपण लिहिते आहे.

पूर्वेचा वारा कधी असणार ते मात्र एक-दोन दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. विमानतळासाठीचा वाऱ्याचा अंदाज मी तसाही रोज संध्याकाळी बघते. आदल्या रात्री बाईंना एक ओळ पाठवते: 'उद्या पूर्वेचा.' काल पाठवली तर लगेच उत्तर आलं: 'बरं. मग उद्या चित्रकला.'