खानदेशच्या उन्हात कॅरॅव्हॅन: चार्जर कुठल्या सेटिंगवर ठेवायचा?

एप्रिलमध्ये खानदेशात कॅरॅव्हॅन नेऊ नका, असं सांगणारे बरेच भेटतील आणि त्यांचं काही चुकत नाही. आम्ही नेली, कारण पोरांच्या सुट्ट्या तेव्हाच आणि सावद्याचं लग्नही तेव्हाच. मार्ग असा होता: धुळे, सोनगीर, शहादा, प्रकाशा, तोरणमाळ, तिथून उतरून सातपुड्याच्या पायथ्याने चोपडा, यावल, फैजपूर, सावदा आणि शेवटी पाल. गाड्या दोन. आमची ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली, तिच्यात १५० एएचची (अँपिअर-तास) एजीएम, म्हणजे सीलबंद शिसं-आम्ल जातीची बॅटरी. जळगावचा मावसभाऊ त्याची छोटी व्हॅन घेऊन धुळ्यात येऊन मिळाला, त्याच्याकडे १०० एएचची लिथियम, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची. देवळं, घाट आणि भरीत यांवर लिहिलेलं भरपूर सापडेल. बॅटरीवर कुणी लिहीत नाही, आणि या भागात उन्हाळ्यात रात्रीचा पंखा आणि फ्रीज चालतोय की नाही यावरच सगळी सहल अवलंबून असते.

आधी मूळ मुद्दा. चार्जरवरच्या सेटिंगचं नाव बघून बटण दाबू नका, त्यामागचे व्होल्ट बघा. कंपनी बदलली की ‘एजीएम’चा अर्थ बदलतो, एकाकडे १४.४, दुसऱ्याकडे १४.७. बाहेरून येणाऱ्या काही चार्जरवर तर नावंही नसतात, नुसती चित्रं असतात: मोटरसायकल, मोटार, बर्फाचा कण. मोटारीचं चित्र म्हणजे बहुधा १४.४ आणि बर्फाचा कण म्हणजे १४.७ किंवा १४.८. हे बर्फवालं सेटिंग थंडीसाठी, आणि ज्या एजीएमना जास्त व्होल्ट लागतात त्यांच्यासाठी असतं. युरोपातला माणूस एजीएम आहे म्हणून डोळे झाकून ते लावतो, त्याचं तिकडे भागतं. धुळ्यात ४३ अंशात बर्फाचं बटण दाबणं म्हणजे बॅटरीला उकळायला ठेवणं.

बॅटरीच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक एसएमएफ (सीलबंद, पाणी न घालायच्या) आणि एजीएम बॅटऱ्यांवर दोन ओळी असतात. एक ‘सायकल यूज’ (रोज वापरून पुन्हा भरायची बॅटरी), साधारण १४.४ ते १५ व्होल्ट. दुसरी ‘स्टँडबाय यूज’ (सतत चार्जरला जोडून ठेवलेली), साधारण १३.५ ते १३.८. शेजारीच बारीक अक्षरात ‘२५ अंश सेल्सिअस’ लिहिलेलं असतं. ते तीन शब्द कुणी वाचत नाही आणि खानदेशात नेमके तेच कामाचे.

प्रकाशाला हा हिशेब आम्ही प्रत्यक्ष केला. तापी-गोमाईच्या संगमावर, केदारेश्वराच्या देवळापासून थोडं अलीकडे लिंबाच्या सावलीत गाड्या लावल्या होत्या. संध्याकाळ होती, तरी सीटखालचा कप्पा उघडल्यावर तोंडावर वाफ आली. तापमापकाची बंदूक बॅटरीच्या अंगावर धरली: ४१. म्हणजे २५ पेक्षा १६ अंश जास्त. शिसं-आम्ल बॅटरीला, मग ती एजीएम असो, जेल (आतलं आम्ल घट्ट केलेली) असो वा पाण्याची, प्रत्येक सेलमागे अंशाला ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. आमच्या बॅटरीच्या कागदावर ४ लिहिलंय. सेल सहा, म्हणजे अंशाला २४ मिलिव्होल्ट. १६ अंशांचे झाले ०.३८. १४.४ मधून ते वजा केले की १४.० च्या जरा वर. मल्टिमीटर टर्मिनलवर लावला तर १४.०३ दाखवत होता, कारण आमच्या चार्जरला तापमानाचा सेन्सर आहे आणि तो ऋण टर्मिनलच्या लगखाली (तारेच्या टोकाच्या कडीखाली) बसवलाय. हा सेन्सर वेगळा विकत घ्यावा लागतो. बॅटरीच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. घ्याच.

आम्ही हे करत असताना एक गुराखी आजोबा येऊन उभे राहिले. ‘काय करी ऱ्हायनात, भाऊ?’ म्हटलं, बॅटरीचा ताप बघतोय. त्यांना ते पटलं.

सेन्सर नसेल तर? माझं सरळ मत आहे: मार्च ते जून एजीएम बॅटरी जेलच्या सेटिंगवर ठेवा. जेलचं सेटिंग बहुतेक चार्जरवर १४.१ ते १४.२ असतं, म्हणजे उन्हाळ्याची वजाबाकी जवळपास झालेलीच असते. उन्हाळा संपला की परत एजीएमवर आणा, नाहीतर बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते आणि प्लेटवर सल्फेट धरतं. जास्त व्होल्टनं सीलबंद बॅटरीतलं पाणी व्हॉल्व्हमधून उडून जातं आणि ते वरून भरता येत नाही, हा उलट बाजूचा धोका. त्यात नुसत्या उष्णतेनंही आयुष्य घटतंच. दर दहा अंशांना निम्मं, असा ढोबळ नियम आहे.

एकाच जागी सेटिंग लावून भागत नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. बॅटरीला वीज तीन वाटांनी येते: प्लगचा चार्जर, छतावरच्या सोलरचा कंट्रोलर आणि चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून येणारा डीसी-डीसी चार्जर. तिन्हींवर व्होल्ट जुळले पाहिजेत. आमची गाडी बांधणाऱ्याने चार्जर नीट लावून दिला होता, सोलर कंट्रोलर मात्र ‘फ्लडेड’वर, म्हणजे पाण्याच्या बॅटरीच्या सेटिंगवर सोडलेला. फ्लडेडवर बरेच कंट्रोलर महिन्यातून एकदा आपणहून इक्वलायझेशन करतात, म्हणजे मुद्दाम १४.८ च्या आसपास नेतात. पाण्याच्या बॅटरीला ते औषध, सीलबंद बॅटरीला विष. निघण्याआधी घरीच तपासणी केली म्हणून सापडलं.

तोरणमाळला जाताना शहादा सोडलं की म्हसावद, राणीपूर आणि मग सातपायरी घाट. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे, पण कॅरॅव्हॅनला निम्मा दिवस धरा. वळणं आखूड आहेत आणि मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांपलीकडचा भाग) लांब असेल तर टो-हूक घासतो. घाटात दुसऱ्या गिअरवर, एसी चालू आणि इंजिनाचे फेरे कमी, अशा वेळी अल्टरनेटर आधीच तापलेला असतो. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, म्हणून ती अल्टरनेटरला थेट जोडायची नाही, मध्ये डीसी-डीसी हवाच. भावाने त्याचा डीसी-डीसी घाटापुरता बंद ठेवला. वर, साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर, यशवंत तलावाच्या काठी रात्री पंखासुद्धा लागला नाही. सीताखाई सकाळी बघा, दुपारी खडक तापतो.

खरी मजा उतरल्यावर. चोपड्याच्या अलीकडे भर दुपारी भावाचा फोन: ‘दादा, चार्जिंग शून्य दाखवतंय. चार्जर गेला वाटतं.’ चार्जर गेला नव्हता. लिथियमच्या कागदावर चार्जिंगची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश असते. त्याची बॅटरी मागच्या बाकाखाली, एक्झॉस्टच्या वरच्या बाजूला, आणि गाडी तासभर उन्हात. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, म्हणाला, आता बास. झाडाखाली गाडी घेतली, कप्प्याचं झाकण उघडलं, टेबल फॅन लावला. ऊन उतरल्यावर आपोआप चार्जिंग सुरू झालं. अशा वेळी घाबरून चार्जरचं सेटिंग बदलत बसू नका. बीएमएस वाचवतोय, त्याला वाचवू द्या.

लिथियमच्या चार्जरबद्दल एवढंच: १४.२ ते १४.६ च्या मध्ये, तापमानाची वजाबाकी बंद, इक्वलायझेशन बंद, ‘रिकंडिशन’ किंवा ‘डीसल्फेशन’ असं काही असेल तर त्याला हात लावायचा नाही. ‘१४.४ तर १४.४, एजीएमवर चालतं की’ असं सांगणारे भेटतात. व्होल्ट जुळतात हे खरं, पण चार्जरचा सेन्सर तिथेही वजाबाकी करत बसतो आणि बॅटरी पुरती भरत नाही. शिवाय लिथियमचे व्होल्ट बघून बॅटरी किती उरली हे कळत नाही. बराच वेळ १३.२ च्या आसपासच हलतात. शंटवाला मीटर लावा, तो बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजतो.

कमी खर्चात गाडी बांधणारे घरचाच इन्व्हर्टर आणि उंच ट्यूबलर बॅटरी गाडीत बसवतात. त्या इन्व्हर्टरच्या मागे ट्यूबलर, फ्लॅट आणि एसएमएफ असा खटका असतो. अशी गाडी विकत घ्याल तर आधी तो बघा. पाण्याची बॅटरी असेल तर ती झोपायच्या खोलीत नको, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. आणि या उन्हात डिस्टिल वॉटरची पातळी नेहमीपेक्षा लवकर बघत जा.

प्लग कुठे मिळतो? ढाबे, पेट्रोल पंप, नातेवाईक. ढाब्यावर शेवभाजी सांगितल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. ३० अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टच्या बाजूने जेमतेम सव्वादोन अँपिअर घेतो, त्यामुळे साधी ६ अँपिअरची पिनही पुरते. कॅरॅव्हॅनचा एसी मात्र त्यावर लावू नका. आधी टेस्टरने अर्थिंग बघा. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, चार्जर किती कमी व्होल्टला चालतो ते त्याच्या पाटीवर असतं.

सावद्याला लग्नघरी गाडी जास्त मुक्कामाला होती. फ्रीज सतत चालू, चार्जर सतत जोडलेला. अशा वेळी साधा चार्जर फसतो: फ्रीज करंट ओढतोय, त्याला वाटतं बॅटरीच भुकेली आहे, मग तो वरच्या व्होल्टवर अडकून बसतो. त्यासाठी ‘पॉवर सप्लाय’ किंवा ‘सप्लाय’ असं सेटिंग असतं, १३.६ च्या आसपास स्थिर. मुक्काम लांबला की बॅटरी एकदा भरून घ्या आणि त्यावर टाका. आणखी एक, लग्नघराच्या ज्या लाइनवर त्यांचा इन्व्हर्टर आहे तिच्यावर आपला प्लग नको. दिवे गेले की त्यांच्या बॅटरीतून आपली बॅटरी भरत राहते आणि मांडवात अंधार होतो.

पालला थोडा आराम मिळाला, जंगलाची सावली होती. पण सावलीत सोलर झोपतो, आणि उन्हात ठेवावं तर पॅनेलच इतकं तापतं की कागदावरच्या वॅटमधून पंधरा टक्के सहज जातात. पालला येताना बॅटरी भरूनच या.

परतल्यावर गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर एजीएम पूर्ण भरून ऋण तार काढून ठेवा आणि अधूनमधून भरत जा. लिथियम उलट: पन्नास-साठ टक्क्यांवर आणून सावलीत.