डोक्यावरून आंघोळ

केसांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. डोक्याच्या कातडीचं कौतुक कुणी केल्याचं ऐकिवात नाही. खरं तर आपण मिरवतो तो केस बाहेर आला की निर्जीवच असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. म्हणून तर कापताना दुखत नाही. सगळा जिवंत कारभार कातडीच्या आत, मुळाशी चालतो. तिथून महिन्याला साधारण १ सेंटीमीटर केस वर येतो. पैसे मात्र आपण टोकांच्या लकाकीवर घालवतो.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आपल्याकडे उलटा न्याय. केस धड उगवलेले नसतात, पण तेलाने टाळू भरण्याचा केवढा सोहळा! पुढे जावळ निघतं, शाळा सुरू होते आणि टाळूचं नावही कुणी काढत नाही. मग वेण्या. त्याही अशा करकचून घातलेल्या, की भुवया वर ओढल्या जाव्यात. कपाळाजवळचे, कानशिलांवरचे केस विरळ होण्यामागे कधी कधी हे वर्षानुवर्षांचं ताणणंही असतं. दर वेळी आजोळच्या टकलांवर खापर फोडायला नको.

माझं खरं भांडण आहे ते तेलाशी. म्हणजे तेलाशी नव्हे, त्याच्या भक्तांशी. खोबरेल केसांत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे. त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. पण कोंडा झाला की घरोघरी एकच निदान होतं : "डोकं कोरडं पडलंय, तेल लाव." कोंड्याचं मूळ बहुतेक वेळा कोरडेपणात नसतंच. मॅलेसेझिया नावाची बुरशी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि तिथल्या तेलकटपणावर जगते. तेल पचवताना ती जी आम्लं मागे सोडते, ती काहींच्या कातडीला सोसत नाहीत. मग खाज सुटते, पापुद्रे निघतात. अशा डोक्यावर आणखी तेल थापायचं म्हणजे न हलणाऱ्या पाहुण्याच्या पानात आग्रहाने पुरणपोळी वाढायची. त्यात "मुरू दे जरा" म्हणून चार दिवस डोकं न धुणारे वेगळेच.

जुन्या पद्धतीतलं शहाणपण तेलापेक्षा त्यानंतरच्या न्हाण्यात होतं. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळून गाळायचं आणि त्या पाण्याने डोकं खसखसून धुवायचं. शिकेकाईत आणि रिठ्यात सॅपोनिन असतं. ते फेस करतं आणि तेलकट मळ सोडवतं. म्हणजे काम शाम्पूचंच. त्या काळाचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. नीट गाळलं नाही तर केसांतून चोथा पडत राहायचा, आणि रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की पोर अख्खी आळी डोक्यावर घ्यायचं. आता कुणी शाम्पू वापरला तर मला त्यात धर्म बुडालेला दिसत नाही. फक्त तो मुळांशी चोळावा, आणि तोही बोटांच्या पेरांनी. नखांनी ओरबाडून नव्हे. लांब केसांची टोकं ओघळत्या फेसानेच स्वच्छ होतात. कोंड्यासाठी दिलेला केटोकोनॅझोलचा शाम्पू तर ३ ते ५ मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा असतो. आपण तो लावतो, लगेच तांब्या ओततो आणि वर गुण येत नाही म्हणतो.

रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. मोठा ताप किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी ते भसाभस गळतात, आणि तोवर ताप विसरलेला असल्यामुळे आळ येतो नव्या साबणावर. बहुधा ते परत उगवतात. गोल चट्टा पडला किंवा कातडी लाल होऊन दुखू लागली, तर मात्र शेजारणीचा माका-जास्वंद बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरकडे जावं.

राहता राहिलं हेल्मेट. त्याने टक्कल पडतं, हे पुण्यातलं लाडकं मत आहे, आणि ते कायदा मोडायला सोयीचंही आहे. हेल्मेटने टक्कल पडत नाही. आत घाम मुरलेलं, कुबट अस्तर असतं, तेवढं मात्र धुवावं. बऱ्याच हेल्मेटांचं ते निघतं. निघतं हेच अनेकांना ठाऊक नसतं.