जाताना सरळ, येताना वाकडा : पलटी नांगर लेव्हलला आणताना

भांडुपला आमच्या वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. डबा उघडतोय तोच धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. ओतूरजवळची आमची तीन एकर जमीन तोच कसतो. गहू निघाला होता, पलटी नांगराने, म्हणजे फाळांचे दोन संच असलेल्या आणि प्रत्येक फेरीला उलटणाऱ्या नांगराने, नांगरट सुरू केली होती.

"दादा, एक तास खोल पडतंय, एक वर. सकाळपासून टॉप लिंक फिरवतोय. जाताना बसवला की येताना बिघडतो."

तास म्हणजे फाळाने पडलेली चर, आणि टॉप लिंक म्हणजे ट्रॅक्टर आणि नांगराला वरून जोडणारा, लांब-आखूड करता येणारा दांडा. त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी अठरा वर्षं लेथवर काम करतोय. एक बिघाड काढला की दुसरा निघतो, तेव्हा आपण चुकीचा बोल्ट फिरवत असतो, हे हाताला माहीत झालंय. त्याला म्हटलं, आता कशालाही हात लावू नकोस, आधी मोजून सांग.

त्याच्याकडे पट्टी नव्हती. बांबूच्या काठीला कोयत्याने इंचाइंचावर खाचा पाडल्या आणि तासाच्या तळाशी उभी धरून फोन जवळ नेला. जाताना दोन्ही फाळ साडेआठ इंच. येताना पुढचा साडेसात, मागचा साडेनऊ. टॉप लिंक सकाळपासून किती लांब केली विचारलं तर म्हणाला, चार आटे. ते चार आटे परत घ्यायला लावले आणि पुन्हा एक फेरी मारायला सांगितली. आता जाताना पुढचा नऊ, मागचा आठ. येताना बरोबर उलटं, पुढचा आठ, मागचा नऊ.

ज्यांच्याकडे पलटी नांगर आहे त्यांनी हे नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. दोन्ही फेऱ्यांत एकच फाळ खोल जात असेल, तर काम टॉप लिंकचं. ती आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं आणि पुढचा फाळ खोल घुसतो. लांब केली की मागचा खाली बसतो. पण फेरी बदलली की खोल जाणारा फाळही बदलत असेल, तर नांगर आडवा कलला आहे. तिथे टॉप लिंक कितीही फिरवा, एका फेरीचं बसेल तेवढं दुसरीचं बिघडेल. भावाचा अर्धा दिवस आणि डिझेल त्यातच गेलं.

फोन ठेवण्याआधी त्याला टॉप लिंकची पिन दाखवायला सांगितली. पिनच्या जागी पाऊण इंची बोल्ट! भोक एक इंचाचं. इतक्या ढिलाईवर नांगर नाक वरखाली करणारच. संध्याकाळी शेठना विचारून ईएन-८ पोलादाच्या सळईतून एक इंची पिन काढली. पलटल्यावर नांगर कुठे थांबायचा ते ठरवणाऱ्या स्टॉप बोल्टचे लॉकनट नागदेवी स्ट्रीटवरून आणले आणि शनिवारी पहाटे कल्याणहून माळशेज घाटाची एसटी धरली.

घरी पोचल्यावर ट्रॅक्टर शेतात नेऊच दिला नाही. अंगणातल्या सपाट कोब्यावर उभा केला. पहिल्यांदा हवा पाहिली. डाव्या मागच्या टायरात १४ पीएसआय, उजव्यात ९. व्हॉल्व्हमधून हळूहळू हवा जात होती. व्हॉल्व्ह बदलून दोन्हीकडे १४ केली. मग ट्रॅक्टरचे खालचे दोन हात उचलणारे दोन्ही लिफ्ट रॉड पिनपासून पिनपर्यंत मोजले. उजवा दीड इंच लांब! पावसाळ्यात बांध सरळ करायला ब्लेड जोडलं होतं, ते तिरकं धरायला उजव्या रॉडचा हँडल फिरवला होता. तो तसाच राहून गेला. साध्या नांगराला त्याच हँडलने लेव्हल देतात, पण पलटी नांगराला दोन्ही रॉड सारखेच हवेत. फाळ दोन्ही बाजूंना पलटतात, मग एका बाजूला केलेला उपकार दुसऱ्या बाजूला नडतो.

हे सगळं करताना इंजिन बंद आणि नांगर जमिनीवर टेकवलेला. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या नांगराखाली माझा भाऊ सहज वाकतो. त्या दिवशी त्याला ओरडलो. सील कधी सोडेल ते सांगून सोडत नाही.

शेतात उरलं ते स्टॉप बोल्टचं काम. उजवं चाक तासात घालून ट्रॅक्टर थांबवला आणि मागे दहा पावलांवर जाऊन पाहिलं : फाळाचे पाय जमिनीला काटकोनात उभे आहेत का? थोडे कलले होते. बोल्ट दोन आटे आत घेतला, नवा लॉकनट आवळला. डावं चाक तासात घालून दुसऱ्या बाजूचा बोल्ट. नांगराला आडवं हलू न देणारी चेक चेन डावीकडे ताठ होती, ती सैल करून दोन्हीकडे सारखी ठेवली.

मग काठी. जाताना साडेआठ, साडेआठ. येताना साडेआठ आणि जेमतेम पाव इंच कमी. भावाने दहा ठिकाणी काठी रोवली, दर वेळी वाकून खाच बघितली. आई बांधावर चहा घेऊन उभी होती, तो गार झाला तरी त्याचं मोजणं चाललंच होतं.

पुढच्या फाळाचं तास अजून बोटभर रुंद येतंय. ते मागच्या चाकांमधल्या अंतराचं काम आहे, रिमच उलटी करावी लागेल. पुढच्या शनिवारी मोठा जॅक घेऊन जातोय.