पाईप फुटला नव्हता, मी फोडला होता

शेल्फ लावायला भिंतीत ड्रिल घातलं आणि दुसऱ्याच भोकातून पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर आली. मुख्य कॉक सापडून बंद होईपर्यंत लाकडी फ्लोअरिंग, भिंतीलगतचं कपाट आणि टेबलावर उघडा ठेवलेला लॅपटॉप, सगळं भिजलं. नवरा फडकी घेऊन धावला; मी पॉलिसीची फाइल शोधायला. घराचा विमा आहे आणि त्यात 'पाईप फुटून होणारं नुकसान' लिहिलंय, हे मला पक्कं आठवत होतं.

लिहिलेलं होतंही. पण आमचा पाईप आपणहून फुटला नव्हता.

हा फरक मला क्लेमच्या फोनवर कळला. मूळ पॉलिसीत कारणांची यादी असते: आग, वादळ, पूर, चोरी, पाईप फुटणं वगैरे. नुकसान किती झालं हे नंतर. आधी ते यादीतल्या कारणाने झालं का, हे बघतात. हातून पडलं, सांडलं, भलतीकडे भोक पाडलं, हे त्या यादीत नसतं. त्यासाठी अपघाती नुकसानीचं कव्हर लागतं. काही पॉलिसींत ते आधीच धरलेलं असतं, बऱ्याचदा जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं. मी घेतलं होतं, म्हणून हुश्श केलं. पलीकडून बाईंनी शांतपणे विचारलं, "वास्तूसाठी की सामानासाठी?"

फक्त सामानासाठी. फॉर्मवर दोन चौकोन होते, मी एकातच टिक केली होती. कारण आठवत नाही. बहुतेक दुसरा चौकोन मला तोच वाटला असावा.

वास्तू आणि सामान ओळखायची एक गमतीदार युक्ती नंतर कळली. घर उचलून उलटं केलं तर जे खाली पडेल ते सामान, जे चिकटून राहील ती वास्तू. म्हणजे लॅपटॉप सामान, सुटं कपाटही सामान. पाईप, भिंत आणि गोंदाने चिकटवलेलं फ्लोअरिंग मात्र वास्तू. सगळ्यात मोठा खर्च फ्लोअरिंगचा होता, आणि तोच आमच्या गळ्यात आला.

क्लेम फॉर्मवर 'नुकसान कसे झाले' यापुढे तीन ओळींची जागा होती. नवरा म्हणाला, "जुना पाईप होता, गळला, असं लिही ना." एक क्षण मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण खोटी माहिती दिल्याचं दिसलं की सगळाच क्लेम नाकारता येतो, हे त्याच फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं. मी लिहिलं: 'शेल्फसाठी ड्रिल करताना माझ्याकडून पाईपला भोक पडले.' बरंच झालं. सर्व्हेअर आले, त्यांनी टॉर्च मारून भोक पाहिलं, ड्रिलचं बिट मागितलं आणि सरळ भोकात घालून बघितलं. चपखल बसलं.

मग ते गुडघ्यावर बसून कपाटाची मागची फळी बोटांनी दाबत बसले. वरची बाजू ओली पण टणक. खालची कड भुसभुशीत, काळी बुरशी धरलेली. "हे आजचं नाही," ते म्हणाले. खरंच नव्हतं. तिथली ओल जुनी होती, आम्ही बघून न बघितल्यासारखं करत होतो. अपघाती म्हणजे अचानक आणि अनपेक्षित. हळूहळू झिरपणं, झीज, कुजणं यात येत नाही. तेवढी फळी वजा झाली.

लॅपटॉपचे पैसे मिळाले, पण घसारा कापून, म्हणजे जुना झाल्याने घटलेली किंमत वजा करून. आमची पॉलिसी 'नव्याच्या बदल्यात नवं' देणारी नव्हती. शिवाय प्रत्येक क्लेममधला ठरावीक हिस्सा आपण सोसायचा असतो, तोही गेला. घटना एकच, म्हणून तो लॅपटॉप आणि कपाट मिळून एकदाच कापला.

नूतनीकरणाच्या वेळी मी प्रश्नांचा कागद घेऊनच फोन लावला. कुत्र्याने सोफा चावला तर? नाही. टीव्ही आतून आपोआप बिघडला तर? नाही, तो बिघाड, अपघात नव्हे. मोबाईल घराबाहेर पडून फुटला तर? त्याला वेगळं कव्हर. घर भाड्याने दिलं किंवा बरेच दिवस बंद ठेवलं तर? अटी बदलतात, आधी कळवा. दोन्ही चौकोनांत टिक केली. प्रीमियम वाढला, तो जरा उतरावा म्हणून स्वतः सोसायचा हिस्सा थोडा चढवून घेतला. किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करणारी मी नाहीच.

ओट्यात बसवलेल्या काचेच्या शेगडीचं मात्र अडलं. घर उलटं केलं तर ती पडेल की चिकटून राहील? फोनवरच्या मुलाने दोन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि मग सांगितलं, "मॅडम, वास्तूत येईल." मी म्हटलं, हेच जरा ईमेलवर लिहून पाठवा.