तुम्ही विचारलंत म्हणून: मनातला आवाज ऐकतं कोण?

कान तपासून झाले, की हेडफोन काढता काढता कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, मनातल्या मनात बोलतो तो आवाज कुठून येतो हो? त्यात कान तर नसतातच ना?"

हा प्रश्न तपासणीतच सुचत असावा. शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, असं सांगून मी आवाज कमी कमी करत नेते. अगदी बारीक झाला की काहीजण मी काहीच वाजवलेलं नसताना बटण दाबतात. लबाडी नसते ती. वाट बघून बघून मेंदूच शिट्टी वाजवतो. म्हणून आम्ही मुद्दाम लय मोडतो, मध्येच गप्प बसतो.

मनातलं बोलणं मात्र मुळात ऐकणं नव्हेच, ते बोलणंच आहे, ओठांपर्यंत येऊन थांबलेलं. तोंड आ करून, जीभ-ओठ न हलवता मनात 'पोपट' म्हणून बघा. 'प' जरा अडखळतो ना? निदान बऱ्याच जणांचा अडखळतो. नुसतं ऐकणं असतं तर ओठांचा काय संबंध?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये वाचा जवळजवळ गेलेल्या चार रुग्णांच्या मेंदूतून मनातले शब्द ओळखून दाखवले. त्यासाठी मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड (संकेत टिपणारे बारीक विद्युत-अग्र) ऐकण्याच्या भागात नव्हते, हालचालींचे हुकूम सुटतात त्या भागात होते. मनात म्हटलेल्या शब्दाचे संकेत तिथे बोलायच्या प्रयत्नासारखेच उमटले, फक्त मंद.

मग 'आवाज' कुठून येतो? आपण बोलतो तेव्हा हुकूम स्नायूंना जातो आणि त्याची नक्कल ऐकण्याच्या केंद्राला: हे येतंय, आपलंच आहे. म्हणून स्वतःच्या बोलण्याला ते केंद्र जरा कमी दाद देतं. सिडनीचे मेंदू-संशोधक थॉमस व्हिटफर्ड यांच्या गटाने 2017 मध्ये हे न बोलताच तपासलं. ठरल्या क्षणी मनात 'बा' म्हणायचं, आणि नेमक्या त्याच क्षणी हेडफोनमध्ये 'बा' नाहीतर 'बी' वाजणार. दोन्ही जुळलं की मेंदूचा प्रतिसाद दबला, न जुळलं की दबला नाही. म्हणजे ओठ न हलताही नक्कल पोचली होती. मनात जे 'ऐकू येतं' ते या नकलेचंच, असं मला वाटतं.

दुसऱ्याचा आवाज आठवणं ही गोष्ट जरा वेगळी. आईची "जेवायला या रे" ही हाक मनात आणताना बोलणारे आपण नसतो, तिथे स्मरणाचं काम जास्त.

हाच प्रश्न कधी कुणाची बायको, कुणाचा भाऊ दबक्या आवाजात विचारतो. घरातल्या माणसाला कुणीच नसताना बोलणं ऐकू येतं, कानाचा दोष आहे का? मी कान तपासतेच, कारण म्हातारपणी बहिरेपणामुळेही कधी कधी नसलेली गाणी ऐकू येतात. पण कान ठीक निघाले तर "सोंग करतोय" एवढं तरी म्हणू नका. व्हिटफर्ड यांच्याच गटाने 2025 मध्ये असे आवाज ऐकू येणाऱ्या, स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांवर तोच प्रयोग केला. मनातलं आणि कानातलं जुळल्यावर त्यांचा प्रतिसाद दबण्याऐवजी वाढला. 'आपलंच आहे' ही वर्दी तिथे बहुधा चुकत असावी. अशा माणसाला तो आवाज खरोखर ऐकू येत असतो, आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं.