‘शेल स्वच्छ आहे ना?’

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या डिझाइन ऑफिसचा, उबंटू लिनक्सवर चालणारा सर्व्हर मी सांभाळते. चौदा जण त्यावर लॉगिन करून कास्टिंगची ड्रॉइंग्ज करतात. रात्री दोनला दुसरं मशीन आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं सगळं बॅकअपसाठी ओढून घेतं.

शनिवारी सकाळी अण्णांचा फोन आला. “मॅडम, कालचं ड्रॉइंग माझ्याच हातनं पुसलं. बॅकअपात बघाय गेलो तर रात्रीचा बॅकअपच न्हाई की!”

पोटात गोळा आला. लॉगमध्ये ओळ होती: ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युअर शेल क्लीन?’ (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम; आमच्याकडे तो बॅश.) पहिले तीन शब्द वाचून मी दोन्हीकडच्या आरसिंकची व्हर्जन तपासत बसले. ती एकच होती. डिस्क, लॉगिनची किल्ली, लॉगिन, सगळं ठीक. मग कुठे उरलेला प्रश्न नीट वाचला.

याची एक साधी परीक्षा आहे. एसएसएच या दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवायच्या जोडणीवरून पलीकडे ‘ट्रू’ ही काहीच न करणारी कमांड चालवायची आणि जे परत येईल ते फाइलमध्ये घ्यायचं. फाइल शून्य बाइटची हवी. माझ्या फाइलमध्ये मीच लिहिलेलं वाक्य होतं: ‘डिस्क भरत आली आहे, जुन्या फाइल्स काढा.’

शुक्रवारी संध्याकाळी नव्या मुलाच्या खात्यात टॅब दाबून कमांडचे पर्याय पुरे होत नव्हते. त्याचं होम फोल्डर हातानं बनवलेलं, म्हणून स्केल नावाच्या नमुना फोल्डरमधली तयार बॅशआरसी, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल, तिथं आलीच नव्हती. ती एक फाइल कॉपी केली असती तरी भागलं असतं. मी मात्र सगळ्यांनाच सोय होईल म्हणून इटीसी या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सामाईक बॅशआरसीत हॅश लावून बंद ठेवलेल्या कम्प्लीशनच्या (टॅबनं पर्याय पुरे करण्याच्या) ओळी सुरू केल्या, आणि त्याच फाइलच्या अगदी डोक्यावर ती डिस्कची सूचना स्क्रीनवर दाखवणारी एको कमांड टाकली.

उबंटूत त्या फाइलच्या सुरुवातीलाच एक ओळ असते: समोर माणूस टाइप करत नसेल तर इथूनच परत फिर. कम्प्लीशन त्या ओळीखाली होतं, म्हणून निरुपद्रवी. सूचना वर होती. उबंटूचं बॅश एसएसएचवरून नुसती कमांड आली तरी ही फाइल वाचतं, त्यामुळे बॅकअपच्या मशीनलाही ती ऐकवली गेली. आरसिंक पहिले चार बाइट व्हर्जनचा आकडा समजून वाचतो. त्याला माझी अक्षरं मिळाली.

सूचना प्रोफाइल डॉट डी या फोल्डरमध्ये हलवली, तिथलं फक्त लॉगिन शेल, म्हणजे कुणी लॉगिन केल्यावर सुरू होणारं शेल, वाचतं. कम्प्लीशन सामाईकच ठेवलं. हिस्टरीत, म्हणजे चालवलेल्या कमांडच्या यादीत, वेळ दिसण्याची सेटिंगही सगळ्यांना द्यायचं मनात होतं, ते सोडून दिलं. ज्याला हवी तो स्वतःच्या बॅशआरसीत लिहील. ती सामाईक फाइलनंतर वाचली जाते, म्हणून तिचंच चालतं.

पुन्हा ‘ट्रू’ चालवलं. शून्य बाइट. बॅकअप हातानं सुरू केला.

शुक्रवारचं काम मात्र गेलं ते गेलंच. अण्णांनी गुरुवारची प्रत उघडून रायझर (साच्यात जादा वितळलेला धातू साठवणाऱ्या पोकळ्या) पुन्हा काढले. ते होईपर्यंत मी तिथंच बसून होते. फाइल सेव्ह झाल्यावर आरसिंक आणखी एकदा चालवला, आणि बॅकअपच्या मशीनवर ती अण्णांना उघडून दाखवली.